नहरपार सायकलीला द्या

रायपुरात सायकलवाटेचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं. नव्या रायपुरात एवढे रुंद, मोकळे रस्ते आहेत, कडेने सायकलींचा वेगळा पट्टा आहे, तिकडे जा. शेतांतून, खेड्यांतून गाड्यांपासून मोकळी वाट मागणं हे खात्यापित्या घरचे चोचले आहेत. गावच्या माणसाला आता मोटारसायकल हवी, रुंद रस्ता हवा. त्याला पुन्हा सायकलीवर बसवायला कशाला निघालात? इथलं ऊन असं की एप्रिलनंतर कोणी बाहेर पडत नाही. वाट केली तरी लोक तिच्यावर धान वाळत घालतील, ट्रॅक्टर घालतील, आणि दोन वर्षांत तिची खूणही उरणार नाही. हॉलंडचं हॉलंडात ठेवा. ज्याला खरंच चालवायची आहे तो हायवेवरही चालवतो. हेल्मेट घालावं, डावीकडून जावं, मागे लाल दिवा लावावा, झालं.

हे मत मी सरकारी कचेऱ्यांत ऐकलं आहे, चौबे कॉलनीपासून तात्यापाऱ्यापर्यंतच्या मराठी घरांत ऐकलं आहे, आणि दर वेळी ते अशा सुरात सांगितलं जातं की त्यावर बोलण्यासारखं काही उरलेलंच नाही. भरपूर उरलं आहे. हे मत चुकीचं आहे, आणि त्या चुकीची किंमत ते मांडणारे भरत नाहीत. ती भरणारी माणसं वेगळी आहेत, म्हणून मला त्याचा राग येतो.

सुरुवात चोचल्यांच्या आरोपापासून करते, कारण बाकीचे आक्षेप त्याच्याच आधाराने उभे आहेत. सायकल म्हटली की या मंडळींच्या डोळ्यांपुढे रविवारी पहाटे रंगीत घट्ट कपडे घालून, महागडी सायकल मोटारीच्या मागे अडकवून निघालेला माणूस येतो. तसा माणूस रायपुरात आहे, आणि त्याने व्यायाम करावा यात काही गैर नाही. पण छत्तीसगडातली सायकल त्याची आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात देशभरातल्या साधारण निम्म्या घरांत सायकल आढळली. छत्तीसगडात हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर निघालं. पश्चिम बंगाल, उत्तर प्रदेश आणि ओडिशा यांच्यानंतर आपलाच क्रमांक लागतो. दहापैकी सात घरांत जी वस्तू आहे, ती मूठभरांचा शौक कशी ठरते?

पहाटे शहराच्या वेशीवर उभं राहून बघा. हँडलला डबा अडकवून मजुरांच्या चावडीकडे निघालेले गवंडी आणि कुली, दोन बाजूंना कॅन लावलेले दूधवाले, भाजीची पोती बांधलेले शेतकरी, रात्रपाळी संपवून गावी परतणारे चौकीदार. यांच्यातल्या कुणाच्याही डोक्यावर हेल्मेट नसतं, कुणाच्याही सायकलीला मागे दिवा नसतो. सायकलवाटेची मागणी त्यांच्या नावाने कुणी करत नाही, कारण सायकलवाट म्हणजे फिरायला जाण्याची सोय असं आपण ठरवून टाकलं आहे. ही माणसं सायकलीने कामावर जातात आणि परत येतात. शहराच्या वेशीवरचा हा रस्ता त्यांचा रोजचा आहे.

आणि शाळेला जाणाऱ्या मुली. छत्तीसगड सरकारने २००४-०५ च्या सुमारास सरस्वती सायकल योजना सुरू केली. नववीत गेलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलींना सायकल मोफत मिळू लागली. गावात आठवीपर्यंत शाळा असते, पुढची शाळा दुसऱ्या गावात असते, आणि तेवढ्या अंतरावर मुलीचं शिक्षण थांबतं, हे ओळखून काढलेली ही योजना आहे. बिहारने २००६ साली अशीच योजना आणली. तिचा कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, आणि वाढ सर्वांत जास्त कुठे झाली, तर शाळा जिथून दूर आहे त्या गावांत. एका सायकलीने एवढं होतं. मग सरकार मुलीच्या हाती सायकल देतं आणि ती चालवायला सुरक्षित वाट देत नाही, याला काय म्हणायचं? सायकल दिली, पण ती कुठे चालवायची हा प्रश्न चौदा वर्षांच्या पोरीवर सोडून दिला. तिच्या घरच्यांना रस्त्याची भीती वाटली की सायकल घरात उभी राहते आणि पोरगीही घरात बसते. अशा वाटेला चोचले म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्या आईला भेटून तसं सांगावं.

दुसरं म्हणणं हायवेचं. खरा सायकलपटू हायवेवरच घडतो, असं मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं आणि उदाहरण म्हणून नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांचं नाव घेतलं जातं. त्यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटरची, बारा दिवसांच्या आत संपवायची ही शर्यत. त्या पराक्रमाबद्दल मला आदर आहे. पण त्याच शर्यतीचा नियम बघा. रात्रीच्या वेळी स्पर्धकाच्या मागे त्याच्या चमूची गाडी दिवे लावून चालावीच लागते. जगातल्या सर्वांत कणखर सायकलपटूलाही मागून येणाऱ्या गाडीपासून संरक्षण लागतं, हे त्या शर्यतीच्या आयोजकांना ठाऊक आहे. तेलीबांध्याहून संध्याकाळी मंदिर हसौदकडे परतणाऱ्या मजुराच्या मागे कोणती गाडी चालते? चालते ती सिलतऱ्याकडून लोखंड भरून आलेला ट्रेलर, आणि तो त्याच्या रक्षणासाठी नसतो.

२०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली. त्यांत साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार होते. हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचेच आकडे आहेत. सायकल चालवणाऱ्याच्या अंगाभोवती पत्रा नसतो, आणि गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्या धडकेतली ऊर्जा चौपट होते. ताशी तीसच्या धडकेतून माणूस बहुधा वाचतो, ताशी साठच्या धडकेत मरणाचा धोका कितीतरी वाढतो. सावध राहा म्हटल्याने हे गणित बदलत नाही. मागून येणाऱ्यापासून पुढे जाणाऱ्याने सावध राहायचं तरी कसं?

आता नव्या रायपूरकडे वळू. ते शहर आखताना सायकलचा विचार झाला, ही चांगली गोष्ट आहे आणि तेवढी मी मान्य करते. पण तिथे पोचायचं कसं? जुनं रायपूर ते नवं रायपूर हे अंतर सुमारे वीस किलोमीटरचं आहे. सदर बाजारात, टिकरापाऱ्यात, गुढियारीत राहणाऱ्या माणसाने व्हीआयपी रोडवरून किंवा राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून गाड्यांच्या लोंढ्यातून तिकडे जायचं, आणि मग सुरक्षित पट्ट्यावर सायकल चालवायची. म्हणून तर लोक सायकल मोटारीला बांधून नेतात. सायकल चालवण्यासाठी आधी मोटार असावी लागते, अशी ही व्यवस्था आहे. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांच्यासाठी ती नाहीच. शिवाय ते रस्ते माणूस जिथून निघतो आणि जिथे जातो त्या दोन टोकांना जोडत नाहीत. मंत्रालय २०१२ मध्ये तिकडे गेलं, स्टेडियम तिथे आहे, जंगल सफारी तिथे आहे. पण अभनपूरच्या बाजाराला, राजिमच्या संगमाला, आरंगच्या शाळेला, चंपारणच्या मंदिराला जाणाऱ्या माणसाला या पट्ट्यांचा उपयोग काय? नवं रायपूर दाखवून बाकीच्या पाचशे गावांचा प्रश्न मिटवता येत नाही.

यावर एक चतुर उत्तर येतं. गावचे रस्ते तसेही रिकामे असतात, तिथे वेगळी वाट कशाला? पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली, छत्तीसगड राज्य जन्मल्यानंतर दोनच महिन्यांत. त्या योजनेने आपल्याकडच्या खेड्यांपर्यंत डांबर नेलं आणि सुरुवातीची काही वर्षं ते रस्ते खरोखर सायकलीचं राज्य होते. धानाच्या बांधांवर बाभळी, तलावाच्या काठी कौहा (अर्जुन), थंडीत धान कापल्यावर त्याच ओलीत फुललेली लाखोळीची निळी शेतं, आणि मधून जाणारा काळा रस्ता. त्या रस्त्यांची रुंदी पावणेचार मीटर, कमी वर्दळ असेल तिथे तीन मीटर. ते बैलगाडी, सायकल, जीप आणि दिवसातून दोनदा येणाऱ्या बससाठी बनले होते. आज त्यांच्यावर हायवा, म्हणजे अवजड टिपर ट्रक, धावतात. महानदीच्या घाटांवरची रेती रायपूरच्या बांधकामांना हवी असते, मुरूम हवा असतो, आणि हायवेवरचा टोल व तपासणी चुकवायची तर गावातला रस्ता बरा पडतो. पावणेचार मीटरच्या रस्त्यावर हायवा आली की सायकलवाल्याला रस्ता उरतच नाही. तो कडेच्या मातीत उतरतो. पावसाळ्यात ती माती चिखल असते. नोव्हेंबरपासून धानखरेदी सुरू झाली की सोसायट्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि तिथून निघणारे ट्रक यांची त्यात भर पडते.

त्या रस्त्यांची दशाही बघा. रस्त्याची झीज अ‍ॅक्सलवरच्या भाराच्या जवळपास चौथ्या घाताने वाढते, हे अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून समोर आलं आणि तेव्हापासून रस्ते बांधणारे इंजिनिअर ते धरून चालतात. भार दुप्पट, तर झीज सोळापट. सायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून शंभर किलोही भरत नाहीत. हजारो सायकली वर्षभर गेल्या तरी डांबराला काही होणार नाही. रेतीने भरलेल्या हायवा एका हंगामात तो रस्ता खड्ड्यात घालतात. मग गावकरी रस्ता रुंद करा म्हणून मागणी करतो, आणि आपण म्हणतो, बघा, त्याला रुंद रस्ता हवा आहे. त्याला खड्डा नको आहे. त्याला हायवा नको आहे. हे त्याला कुणी विचारलं आहे का?

सायकलीसाठी जागाच नाही, हे मला सर्वांत अमान्य असलेलं विधान आहे. जागा होती, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत गेली. रायपूर ते धमतरी आणि अभनपूरहून राजिम, अशी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत होती. बंगाल नागपूर रेल्वेची ती गाडी. तिचा मार्ग शहराच्या पोटातून, मुख्य स्टेशनापासून निघून तेलीबांध्यावरून, माना-केंद्रीच्या बाजूने थेट शेतांत जात असे. २०१७ च्या सुमारास शहरातली ती गाडी थांबली. रूळ उचलले गेले. रेल्वेचा जुना मार्ग म्हणजे काय, हे ज्याने सायकल चालवली आहे त्याला सांगावं लागत नाही. चढ नाही, तीव्र वळण नाही, अतिक्रमण तुलनेने कमी, आणि शहराच्या मध्यापासून खेड्यापर्यंत सलग पट्टा. जगाने अशा पट्ट्यांचं काय केलं? इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ हा बंद पडलेला रेल्वेमार्ग १९७९ ते १९८६ या काळात बव्हंशी स्वयंसेवकांच्या हातांनी सायकलवाट झाला आणि आज तो रोज कामावर जाणाऱ्यांनी भरलेला असतो. स्पेनने १९९३ साली जुन्या रेल्वेमार्गांच्या हिरव्या वाटा करायला घेतल्या, आणि आज त्यांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरच्या वर गेली आहे. आपण काय केलं? स्टेशनपासून शदाणी दरबाराकडे जाणारा गाड्यांचा एक्सप्रेस-वे. त्याचं बांधकाम पहिल्या प्रयत्नात टिकलं नाही, २०१९ मध्ये तेलीबांध्याजवळ तो खचला आणि पुन्हा करावा लागला, हे शहराला आठवत असेल. पण तो उत्तम टिकला असता तरी माझं म्हणणं तेच राहिलं असतं. शंभर वर्षांत एकदा मिळणारी अशी जागा गाड्यांना दिली गेली, आणि ती देताना सायकलवाल्याला कुणी विचारलं नाही. शहरातल्या कालव्याचंही तेच झालं. त्याच्या पट्ट्यात मोटारींचा रस्ता झाला. त्याला आपण आजही कॅनल लिंकिंग रोड म्हणतो.

दोन पट्टे गेले. तिसरा अजून आहे, आणि हा लेख मी त्याच्यासाठी लिहिते आहे.

धमतरीजवळ रुद्रीला महानदीवर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला गेला. तिथून निघालेला मुख्य कालवा धमतरी, कुरूद, अभनपूर या तालुक्यांतून रायपूर जिल्ह्यात येतो आणि मांढर, भाटापारा अशा शाखांनी पुढे पसरतो. मुरुमसिल्लीचं धरण १९२३ साली पुरं झालं, गंगरेलचं १९७० च्या दशकात. या पाण्यावर छत्तीसगडचं धान उभं आहे. कालव्याच्या काठाने, पाळीवर, तपासणीसाठी आणि दुरुस्तीसाठी एक वाट ठेवलेली असते. गावात तिला नहरपार म्हणतात. ही वाट सरकारी मालकीची आहे. ती सलग आहे. कालव्याचं पाणी उतारानेच वाहतं आणि तो उतार इतका सौम्य असतो की पायडल मारणाऱ्याला तो जाणवतही नाही. ती गावामागून गाव जोडत जाते, कारण पाणी गावोगाव न्यायचं होतं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शेत. सकाळी तिच्यावर गुराखी, शेतकरी, आंघोळीला आलेली माणसं भेटतात, ट्रेलर भेटत नाही. जमीन घ्यायची नाही, घरं पाडायची नाहीत, झाडं कापायची नाहीत. महाराष्ट्रात पाणंद रस्त्यांसाठी बांधाबांधावर भांडणं मिटवावी लागतात, तहसीलदाराला मोजणी लावावी लागते. इथे तो प्रश्नच नाही. मुरूम दाबून दोन मीटरचा पट्टा सपाट करायचा आणि राखायचा, एवढंच काम आहे.

आणि हे दोन मीटर मी मनाने ठरवलेले नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकलवाटांची आखणी कशी करावी याचे निकष १९६२ सालीच लिहून ठेवले. दोन सायकली शेजारी-शेजारी जातील एवढी रुंदी म्हणजे किमान दोन मीटर. त्या निकषांत आणखी एक वाक्य आहे, ते सगळ्यांनी नीट वाचावं. ज्या रस्त्यावर तासाला २०० पेक्षा जास्त मोटारगाड्या जातात, तिथे गर्दीच्या तासाला फक्त १०० सायकली असल्या तरी वेगळी सायकलवाट योग्य ठरते. १९६२ साली, जेव्हा देशात मोटारगाड्या नावाला होत्या! आज रायपूर–धमतरी रस्त्यावर, बलौदाबाजारच्या सिमेंट ट्रकांच्या रस्त्यावर, महासमुंदच्या रस्त्यावर तासाला २०० ची मर्यादा दिवसातल्या कोणत्या तासाला पाळली जाते? म्हणजे आम्ही जे मागतो ते हॉलंडहून आणलेलं नाही. ते आपल्याच देशातल्या रस्ते-इंजिनिअरांनी साठ वर्षांपूर्वी मान्य केलेलं आहे.

हॉलंडचा विषय निघालाच आहे तर त्याचंही खरं सांगायला हवं. तिथले लोक जन्मतः सायकलप्रेमी, असा समज आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनीही मोटारीसाठी शहरं फोडली. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. मुलांची हत्या थांबवा, अशी घोषणा घेऊन आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३ चं तेलसंकट आलं, आणि मग सरकार वळलं. आज त्यांच्याकडे सुमारे ३५ हजार किलोमीटरच्या सायकलवाटा आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी कालव्यांच्या काठाने जातात. त्यांची सायकल संस्कृती रक्तातून आलेली नाही. ती रागावलेल्या पालकांनी मिळवलेली आहे. आपल्याकडे मुलं मरत नाहीत का?

उन्हाचं म्हणाल, तर रायपूरचा मे महिना ४२–४३ अंशांचा असतो हे मलाही ठाऊक आहे. पण वर्षाला बारा महिने असतात. ऑक्टोबर ते मार्च या काळात इथल्यासारखी सायकलीची हवा देशात फार थोड्या ठिकाणी मिळते. आणि उन्हातही मजूर सायकलीवरूनच येतो. ऊन आहे म्हणून त्याला सुटी मिळत नाही. ऊन हे सावली लावण्याचं कारण आहे. रस्ते रुंद करताना आपण कडेच्या जुन्या चिंचा, करंज, आंबे कापले आणि आता उन्हाची तक्रार करतो. नहरपारच्या बाहेरच्या उतारावर, पाळीला धक्का लागणार नाही अशा अंतरावर, झाडं लावता येतात. पाणी तर शेजारीच आहे.

बांधलेल्या वाटा टिकत नाहीत, हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तो अनुभवातून आला आहे. उत्तर प्रदेशात इटावा ते आग्रा हा २०७ किलोमीटरचा सायकल हायवे २०१६ च्या नोव्हेंबरात मोठ्या थाटात सुरू झाला. सिंह सफारीपासून ताजमहालाकडे नेणारा. काही वर्षांतच तो जागोजागी उखडला, झुडपांत आणि टपऱ्यांत हरवला. पुण्यातल्या सायकल ट्रॅकवर गाड्या उभ्या असतात, हे पुण्याला जाऊन आलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? इटाव्याची वाट पर्यटकांच्या डोळ्यांनी आखली गेली. ती राखण्याची जबाबदारी वाटेवरच्या गावांच्या हाती आली नाही. पुण्याचे ट्रॅक गर्दीच्या रस्त्याला चिकटून, मिळेल त्या उरलेल्या जागेत काढले गेले. उलट हैदराबादने २०२३ च्या ऑक्टोबरात बाह्यवळण रस्त्याच्या बाजूने २३ किलोमीटरचा, वर सौरपॅनेलचं छप्पर असलेला सायकलमार्ग उघडला. गाड्यांपासून पूर्ण वेगळा, सावलीचा, त्याच छपरातून वीज काढणारा. तो श्रीमंत शहराचा प्रकल्प आहे आणि आपल्याला तसलं छप्पर नको आहे. पण वेगळेपणा आणि सावली या दोन गोष्टी त्याच्यातून घ्याव्यात. अतिक्रमण होतं म्हणून बांधू नये, असा न्याय आपण इतर कुठे लावतो? फुटपाथवर दुकानं लागतात म्हणून फुटपाथ रद्द करत नाही. रस्त्यावर गाड्या चुकीच्या उभ्या राहतात म्हणून रस्ते बांधणं थांबवत नाही. हा नियम फक्त सायकलीच्या वाट्याला का?

धान वाळत घालतील म्हणता? घालू द्या. चार दिवसांचं धान वाटेच्या एका कडेला पसरलं तर सायकल बाजूने जाते. शेतकऱ्याशी सायकलीचं भांडण नाही. त्याच्या शेतात जाणाऱ्या ट्रॅक्टरशीही नाही. ज्याचं शेत कालव्याला लागून आहे त्याला आणि जलसंसाधन विभागाच्या गाडीला जाऊ द्यावंच लागेल. भांडण आहे ते पाळ फोडून मुरूम नेणाऱ्या, आडवाटेने रेती नेणाऱ्या अवजड गाड्यांशी. त्यांच्यामुळे पाळ कमकुवत होते, पाळ फुटली की शेतं बुडतात, आणि कालव्याचं पाणी शेवटच्या गावापर्यंत पोचत नाही. तेव्हा नहरपार सायकलीला देण्यात विभागाचाही फायदा आहे. जिथे रोज माणसं येतात-जातात, तिथे रात्री पाळ खणायची हिंमत कमी होते. विभागाकडे आज प्रत्येक किलोमीटरवर उभं करायला माणूस नाही. सायकलवाले, शाळेच्या मुली, सकाळी चालायला येणारे म्हातारे ही फुकट राखण आहे.

पोरं पाण्यात पडतील, हा शेवटचा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. जिथे कालवा खोल आहे, पूल आहे, वळण आहे तिथे कठडा हवा, हे खरं, आणि तोही मी मागते. पण ट्रकाखाली जाण्याचा धोका आपण इतकी वर्षं निमूट स्वीकारला आणि पाण्याचा धोका दिसताच वाटच नको म्हणतो, हे कोणत्या काळजीत बसतं?

मागणी साधी आहे. रायपूर, धमतरी आणि बलौदाबाजार या जिल्ह्यांत कालव्याच्या पाळीची, ज्या बाजूला तपासणीची वाट आहे त्या बाजूची, सायकल आणि पायी चालणाऱ्यांची वाट म्हणून नोंद करावी. तोंडाशी लोखंडी खांब रोवावेत, सायकल, माणूस, गुरं जातील पण हायवा जाणार नाही अशा अंतराने. शेतकऱ्यांसाठी आणि विभागासाठी कुलपाचं फाटक ठेवावं आणि त्याची किल्ली ग्रामपंचायतीत असावी. ग्रामसडक योजनेच्या ज्या रस्त्यांवर शाळेच्या मुली जातात त्यांच्या दोन्ही टोकांना उंचीची लोखंडी कमान लावावी, म्हणजे भरलेली अवजड गाडी आत शिरणार नाही. महामार्ग जिथे कालव्याला ओलांडतो तिथे पुलाखालून सायकल जाईल एवढी वाट ठेवावी. नवे पूल होतच आहेत, तेव्हाच ती ठेवली तर वेगळा खर्च नाही. धरसे, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटा, आणि जुन्या गाडीवाटा या पाळीला जोडाव्यात, म्हणजे गावाच्या आतून माणूस थेट तिच्यावर येईल. पाटबंधाऱ्याची, बांधकामाची आणि पंचायतीची खाती एकमेकांकडे बोट दाखवतील, म्हणून जबाबदारी एकाच अधिकाऱ्याच्या नावावर लिहून ठेवावी.

अभनपूर ते कुरूद हा पहिला टप्पा या पावसाळ्यानंतर घेता येईल. शहरातल्या कालव्याची आणि छोट्या रेल्वेची जागा आपण गप्प बसलो म्हणून गेली. तुमचं घर, शेत किंवा नातेवाईक या कालव्याच्या काठी असतील तर पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, त्याची एक प्रत जलसंसाधन विभागाला द्या आणि एक जिल्हाधिकाऱ्यांना, आणि दोन्हींवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.